पिवळी पानं: एप्सम, हिराकस की चिलेटेड लोह?

इंदूरच्या गच्चीवर मोगरा किंवा लिंबू पिवळं पडलं की शेजारून हमखास सल्ला येतो, एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, टाका. आधी पिवळेपणा कुठून सुरू झालाय ते बघा. मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून ओढून शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं शिरांच्या मधे पिवळी होतात. लोह असं हलत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरांची जाळी हिरवी, तर कमतरता बहुधा लोहाची.

माळव्याच्या काळ्या मातीत हा दुसरा प्रकार जास्त दिसतो. लोह मातीत असतंच, पण चुनखडीमुळे सामू (पीएच) 8 च्या आसपास राहतो आणि ते विरघळत नाही. त्यात बोअरिंगच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट सामू खाली येऊ देत नाहीत.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, सगळ्यात स्वस्त. लोह सुमारे 20 टक्के. कुंडीत ओतलं तर चुनखडीत त्याचा गंजच होतो, म्हणून फवारायचं: लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस, 1 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, उन्हं उतरल्यावर. खडे फिकट हिरवे हवेत. तपकिरी पूड दिसली तर घेऊ नका. आणि फरशी सांभाळा, डाग निघत नाहीत.

चिलेट म्हणजे लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं संयुग. त्यात लोहाच्या टक्क्यांचा आकडा फसवतो. 12 टक्क्यांचं ईडीटीए भारी वाटतं, पण आपल्या मातीत ते लोह सोडून कॅल्शियम धरून बसतं, फवारणीला ठीक. 6 टक्क्यांचं ईडीडीएचए महाग, तरी सामू 9 पर्यंत टिकतं. मुळाशी द्यायचं तर हेच.

एप्सम मी एकाच वेळी घेईन: खालची पानं पिवळी आहेत आणि पोटॅश सढळ हाताने पडलंय. मुळाशी पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची चढाओढ असते. एप्समचा मारा केला तर कॅल्शियम मागे पडतं आणि टोमॅटो बुडाशी काळा पडतो. कॅल्शियम नायट्रेटच्या घट्ट द्रावणात तर एप्सम मिसळूच नका, जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा, पांढरा साका खाली बसतो.

डीएपी हे फॉस्फेटचं खत वारंवार देत असाल तर ते आधी थांबवा, जास्तीचं फॉस्फेट लोह आणि जस्त दोन्ही अडवतं. पावसाळ्यात मात्र पाकीट आणण्याआधी कुंडीचं भोक मोकळं करा. तुंबलेल्या मातीत मुळांना हवाच मिळत नाही, मग कुठलंही मीठ घाला, पान पिवळंच राहतं.