जागतिक बँकेचा ‘लोकसंख्येतील स्त्रियांचा वाटा’: उपयोग कुठे, फसगत कुठे

एखाद्या देशाच्या लोकसंख्येत स्त्रिया किती टक्के, हे १९६० पासून वर्षवार हवं असेल तर जागतिक बँकेच्या डेटा संकेतस्थळाइतकी सोयीची जागा नाही. नोंदणी नाही, पैसे नाहीत, दोनशेहून जास्त देश एकाच तक्त्यात. देशादेशांच्या तुलनेसाठी आम्ही हेच सुचवतो. पण भारतात मुलींचं काय होतंय हे त्यावरून ठरवू नका.

आधी आकडे उतरवून घेण्याबद्दल. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) निवडलं की झिप येते, आत तीन फाइली. मुख्य फाइलीत स्तंभांची नावं पाचव्या ओळीत आहेत. वरच्या चार वगळल्या नाहीत तर तक्ता विस्कटतो. देशांच्या यादीतच ‘जग’, ‘दक्षिण आशिया’, ‘अरब जगत’ असे गट मिसळलेले असतात. देशांच्या माहितीची फाइल उघडा. जिथे प्रदेशाचा रकाना रिकामा, तो गट. सरासरी काढण्याआधी ते काढून टाका. एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅम लिहून थेट आकडे मागवून, घेणाऱ्यांनी जास्त सांभाळावं: वेगळं सांगितलं नाही तर एका पानात ५० नोंदीच येतात, त्याही ताज्या वर्षापासून मागे. म्हणजे साठचं दशक गळतं आणि चूक झाल्याची सूचनाही येत नाही. पानाची मर्यादा वाढवून मागा.

हे आकडे मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागाच्या अंदाजांवर बेतलेले, वर्षाच्या मध्याचे. तिथे नवी आवृत्ती निघाली की जुनी वर्षंसुद्धा बदलतात, म्हणून उतरवल्याची तारीख लिहून ठेवा. भारताची शेवटची जनगणना २०११ ची, पुढचीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. मधलं सगळं अंदाजच.

लिंग गुणोत्तर म्हणून आपल्याकडे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया मोजतात, बाहेर बहुधा दर शंभर स्त्रियांमागे पुरुष. टक्केवारीसाठी आपल्या आकड्यात हजार मिळवायचे आणि त्या बेरजेनं मूळ आकड्याला भागायचं. २०११ चं ९४३ भागिले १९४३, म्हणजे ४८.५ टक्के. १९०१ चं ९७२ म्हणजे ४९.३, १९९१ चं ९२७ म्हणजे ४८.१. १९९१ ते २०११ मधली लिंग गुणोत्तरातली १६ ची वाढ इथे अर्ध्या टक्क्याचीही भरत नाही. संकेतस्थळावरच्या आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही, त्यामुळे एवढीशी हालचालही डोंगराएवढी दिसते. अक्ष आधी वाचा.

खरी अडचण मात्र या मापातच आहे. एकूण वाट्यात जन्म, मृत्यू आणि स्थलांतर एकत्र कालवलेलं असतं. कतारमध्ये स्त्रिया साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांच्या दरम्यान दिसतात, कारण कामासाठी आलेले परदेशी पुरुष. १९६० च्या रशियात त्या ५५ टक्क्यांच्या आसपास, कारण युद्धात गेलेले पुरुष. आपल्याच रत्नागिरीत २०११ ला दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आणि मुंबई शहरात ८३२: चाकरमानी कुठून कुठे गेले ते या दोन आकड्यांत दिसतं. रत्नागिरीत मुली जास्त जन्मतात, असा अर्थ कुणी काढू नये.

उलट १९९१ ते २०११ मध्ये देशाचं एकूण गुणोत्तर ९२७ वरून ९४३ झालं, तेव्हा ० ते ६ वयोगटातलं ९४५ वरून ९१९ वर घसरलं. महाराष्ट्रात २००१ ते २०११ मध्ये एकूण ९२२ वरून ९२९ झालं आणि लहान मुलांमधलं ९१३ वरून ८९४ वर आलं. बीडमध्ये तर ८०७. गर्भलिंगनिदानावर १९८८ मध्येच कायदा करणाऱ्या राज्यातली ही घसरण आहे, आणि स्त्रियांच्या एकूण वाट्याची रेघ त्याच काळात वर जाते. जागतिक बँकेकडे जन्मावेळच्या गुणोत्तराचा वेगळा निर्देशांक आहे, पण तोही देशपातळीवरच थांबतो.

जिल्हा किंवा तालुका हवा असेल तर जनगणनेचा प्राथमिक गोषवारा घ्या. त्यात ० ते ६ वयाच्या मुलगे-मुलींचे रकाने स्वतंत्र आहेत. मुलींच्या संख्येला मुलग्यांच्या संख्येनं भागून हजारानं गुणलं की झालं. फक्त तक्ता अंतिम आहे ना ते पाहा. महाराष्ट्राचा ८८३ हा तात्पुरता आकडा अजून जागोजागी फिरतो. अंतिम ८९४ आहे.