कर्व्ह ईव्ही की बीई ६? पांदणीवरून पाहा

आमच्या यवतमाळकडे इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांची गाडी सध्या याच प्रश्नावर अडते: टाटाची कर्व्ह ईव्ही की महिंद्राची बीई ६? दोन्ही २०२४ साली आलेल्या, दोन्हींचं छत मागे उतरतं, दोन्हींना भारत एनकॅप या सुरक्षा-चाचणीचे ५ तारे. दिसायला चुलत बहिणी; पण खाली वाकून पाहिलं की घडण वेगळी कळते.

कर्व्हचा साचा पेट्रोल-डिझेल गाडीलाही वापरलाय. त्यात बॅटरी खाली बसवल्यामुळे मागे बसणाऱ्याचे गुडघे वर येतात. लांबच्या प्रवासात म्हाताऱ्या माणसाला ते जाणवतं. बीई ६ चा इंग्लो नावाचा साचा निव्वळ इलेक्ट्रिकसाठी बांधलेला. चाकांमधलं अंतर २,७७५ मिमी, कर्व्हचं २,५६०.

आता खरी परीक्षा, म्हणजे वावराकडे जाणारी पांदण. काळ्या मातीचा चिखल चाकाला धरला की सोडत नाही. कर्व्हची पुढची चाकं ओढतात. इलेक्ट्रिक मोटरचा जोर एकदम येतो, म्हणून पाय जपून ठेवावा लागतो. बीई ६ ची मागची चाकं ढकलतात, पुढची फक्त वळतात. डिकीत युरियाच्या ४५ किलोच्या दोन बॅगा असल्या तर वजन नेमकं या ढकलणाऱ्या चाकांवर पडतं. टायरचा हिशेब मला सर्वात मोलाचा वाटतो: (पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत) १८ इंची चाकांवर कर्व्हचा २१५/५५, म्हणजे रबराची भिंत साधारण ११८ मिमी, बीई ६ चा २४५/६०, म्हणजे १४७. दगडाच्या धारेवर रिम वाचवतं ते हेच रबर. खालची उंचीही बीई ६ ला २०७ मिमी. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, हे मात्र दोन्हीकडे डिकी उघडूनच बघा.

सामानात कर्व्ह पुढे. ५०० लिटरची डिकी, दार काचेसकट वर उघडतं, बोचकं आडवं सरकवता येतं. बीई ६ ला मागे ४५५ आणि पुढच्या झाकणाखाली ४५ लिटर. बेरीज तेवढीच, पण दोन ठिकाणी वाटलेली. शिवाय कर्व्हमधून बाहेर वीज काढता येते. रात्री खळ्यावर दिवा लावायचा असेल तर ही सोय फार कामाची.

ऊन? चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४७ च्या घरात जातो. दोन्हींच्या बॅटरीत एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) सेल आहेत, ते उष्णतेला जास्त सोशिक असतात. मला खटकतं ते बीई ६ च्या वरच्या मॉडेलचं काचेचं छत. आपल्याकडे मे महिन्यात डोक्यावर पत्राच बरा.

माझं मत स्पष्ट आहे. रस्ता खराब असेल तर ५९ किलोवॅट-तासाची बीई ६ घ्या, तिची बांधणी वरच्या दर्जाची आहे. डांबरी रस्त्यानं तालुक्याला जाणं, सामान आणि खळ्यावरची वीज ही गरज असेल तर ५५ ची कर्व्ह पुरे. आईवडील रोज मागे बसणार असतील तर त्यांना दोन्हींत बसवून, अर्धा तास फिरवूनच ठरवा.

बीई ६ ची ७९ किलोवॅट-तासाची मोठी बॅटरी मात्र घाईनं घेऊ नका भाऊ. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर ती रिकामीपासून भरायला पूर्ण दिवस-रात्रही कमी पडते, त्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. ११.२ किलोवॅटच्या चार्जरला थ्री फेज लागतो आणि त्याचे पैसे वेगळे. बुकिंगच्या आधी वीजबिल काढा आणि त्यावरचा मंजूर भार वाचा.