अडलेल्या कोडसाठी आडवळणाचे पत्ते : ऑब्लिक स्ट्रॅटेजीज

संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी १९७५ मध्ये काढलेला ऑब्लिक स्ट्रॅटेजीज हा पत्त्यांचा कॅट मुळात काम अडलेल्या कलावंतांसाठी होता. एक काळी पेटी, तीत शंभरावर पत्ते आणि प्रत्येक पत्त्यावर एखाददुसऱ्या ओळीची सूचना, एवढाच त्याचा पसारा आहे. काम अडले की एक पत्ता उचलायचा, आणि त्यावरची सूचना गैरलागू वाटली तरी तिच्यावर भरवसा ठेवून पुढे जायचे, असा त्याचा नियम आहे. गेले काही महिने हा कॅट मी कीबोर्डशेजारी ठेवून प्रोग्रॅमिंगसाठी वापरत आहे. तो उपयोगी आहे, पण अडण्याच्या एकाच प्रकारात, आणि तो प्रकार ओळखता आला नाही तर पत्ते निव्वळ वेळ खातात.

ज्या प्रसंगामुळे माझे मत बनले तो सविस्तर सांगणे योग्य होईल. वापरकर्त्यांच्या खात्यात गुण जमा करण्याची कामे एका क्यूमधून, म्हणजे कामांच्या रांगेतून, वर्करकडे, म्हणजे ती पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमकडे, जात असत आणि अधूनमधून एकाच कामाचे गुण दोनदा जमा होत. वर्करने नोंद केली, पण काम झाल्याची पोच क्यूला देण्याआधीच तो बंद पडला, की क्यू तेच काम दुसऱ्या वर्करला देत असे, हे लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदींत, स्पष्ट दिसत होते. ही दुसरी फेरी थांबवण्यासाठी मी दोन दिवस लॉकवर लॉक (एका वेळी एकालाच काम करू देणारी कुलुपे) चढवत राहिलो, आणि प्रत्येक लॉकबरोबर तो अडकून राहिला तर काय, हा नवा प्रश्न उभा राहत गेला. अखेर पत्ता उचलला. चुकीकडे दडलेला हेतू म्हणून आदराने पाहा, अशा अर्थाची सूचना त्यावर होती. प्रथम मला ती शोभेची वाटली. मग लक्षात आले की पोच न मिळालेले काम पुन्हा देणे हा क्यूचा दोष नसून कोणतेही काम हरवू नये यासाठी तिने घेतलेली खबरदारी आहे. काम दोनदा येऊ द्यायचे, फक्त त्याचा परिणाम एकदाच व्हावा, असे प्रश्नाचे रूप बदलले. गुणांच्या तक्त्यात कामाचा क्रमांक नोंदवून त्यावर युनिक इंडेक्स लावला, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदवता येणार नाही असे केले, नोंद आणि बेरीज एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झाली तर दोन्ही नाहीतर एकही नाही अशा रीतीने, घेतली, आणि सगळे लॉक काढून टाकले.

यात नवे काहीच नाही, हे कोणीही अनुभवी प्रोग्रॅमर सांगेल. हा उपाय मलाही माहीत होता. तो दोन दिवस सुचला नाही, कारण दुसरी फेरी कशी थांबवायची हा प्रश्न मीच ठरवला होता आणि त्या चौकटीतच मी उत्तर शोधत होतो. लॅटरल थिंकिंग (सरळ वाट सोडून आडवळणाने विचार करणे) ही संज्ञा १९६७ मध्ये रूढ करणारे एडवर्ड डी बोनो समस्येशी संबंध नसलेला एखादा शब्द यदृच्छेने निवडून तिथून विचार सुरू करायला सांगत, त्यामागचे कारणही हेच आहे. रुळलेल्या वाटेने निघाले की पावले रुळलेल्या ठिकाणीच पोहोचतात. पत्ता उत्तर देत नाही, तो निघण्याची जागा बदलतो.

मात्र अडचण माहितीच्या अभावाची असेल, तर पत्त्यांचा काडीचाही उपयोग नाही. महिन्याच्या ३१ तारखेलाच कोसळणारा एक अहवाल दुरुस्त करताना मी पत्ता काढून अर्धा तास चिंतन केले. वास्तविक त्या महिन्यात तो दिवसच नाही, असे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने एरर मेसेजच्या शेवटच्या ओळीत लिहून ठेवले होते. पुढच्या महिन्याची तारीख काढताना मी महिन्यात फक्त एक मिळवला होता. तिथे आडवळणाची नव्हे, तर समोरचे नीट वाचण्याची गरज होती.

काही पत्ते आपल्या कामाला लागूच पडत नाहीत. मानेला मालिश करून घ्या, ही सूचना दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याला पटते हे खरे, पण लोकांना स्वतःच्या विवेकाविरुद्ध काम करायला सांगा, हा पत्ता कोड रिव्ह्यूच्या, म्हणजे सहकाऱ्याचा कोड तपासण्याच्या, वेळी निघाला तेव्हा मी तो मुकाट्याने परत पेटीत ठेवला. नियम मोडला, याची खंत नाही.

कागदी कॅट घ्यावा की सूचनांची फाइल करून दहा ओळींची स्क्रिप्ट लिहावी, हा प्रश्न प्रोग्रॅमरला पडणारच. मी दोन्ही करून पाहिले. माझी पहिली स्क्रिप्ट दर वेळी संपूर्ण यादीतून निवड करत असल्याने तोच पत्ता लागोपाठ येई. यादी एकदा पिसून क्रमाने वाचली की तो दोष जातो. खरी अडचण वेगळीच निघाली. टर्मिनलमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट चालवण्याच्या खिडकीत, नावडती सूचना आली की बोट आपोआप पुन्हा एंटरवर जाते आणि मनाजोगती ओळ मिळेपर्यंत ते चालूच राहते, म्हणजे यदृच्छेचा मुद्दाच संपतो. कागदी पत्त्यासाठी हात कीबोर्डवरून उचलावा लागतो. तो पत्ता टेबलावर पडून राहतो आणि पुन्हा पुन्हा नजरेस पडतो. एवढ्याच कारणासाठी मी पेटीच्या बाजूने मत देईन.

आता पत्ता उचलण्याआधी अडचण एका वाक्यात कागदावर लिहायची, अशी सवय मी लावून घेतली आहे. बरेचदा ते वाक्य पुरे होण्याआधीच चूक सापडते आणि पत्ता तसाच राहतो. त्याचे श्रेय पत्त्याला द्यावे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पेटीत मी स्वतः लिहिलेले सहा पत्तेही घातले आहेत आणि त्यांपैकी ‘ही ओळ पुसली तर कोणती टेस्ट ओरडेल?’ (टेस्ट म्हणजे कोड नीट चालतो की नाही हे आपोआप तपासणारी चाचणी) हा आजवर सर्वांत अधिक कामी आला आहे. एकदा कोणतीच टेस्ट ओरडली नाही, आणि चाळीस ओळी गेल्या.