बी कर्व्ह की सी कर्व्ह एमसीबी?

एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा (ट्रिप होणारा) स्विच; किती करंटला ती तत्काळ पडते, त्यावरून बी आणि सी कर्व्ह हे तिचे प्रकार. दोन्हींवर १६ अँपिअर लिहिलेलं असलं तरी शॉर्ट सर्किटला दोघं सारखे वागत नाहीत. बी कर्व्हची एमसीबी रेटिंगच्या ३ ते ५ पटीला, म्हणजे ४८ ते ८० अँपिअरला, तत्काळ पडते. सी ५ ते १० पटीला, म्हणजे ८० ते १६० अँपिअरला. ओव्हरलोडला मात्र दोघींतली द्विधातू पट्टी (तापली की वाकून एमसीबी पाडणारी) सारखीच तापते: १.४५ पट करंटला तासाभरात ट्रिप. त्यामुळे ‘सी जास्त लोड घेते’ हा निव्वळ गैरसमज.

गिझर, इस्त्री, साधे दिवे यांना बी पुरे. पंप, एसी सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढतात. तिथे बी विनाकारण पडत राहते, सी लावा. एकाच स्विचवर बरेच एलईडी ड्रायव्हर (एलईडी दिव्यांना वीज पुरवणारी सर्किटं) असतील तरी तेच.

पण वायर लांब असेल तर सी बसवण्याआधी अर्थ फॉल्टचा लूप इम्पीडन्स, म्हणजे करंट अर्थिंगमध्ये गेला तर त्याच्या पूर्ण वाटेतला एकूण अडथळा, मोजा. २३० व्होल्टला १६० अँपिअर वाहायला तो साधारण १.४ ओहमच्या आत हवा, बीला २.८ चालतो. जास्त भरला तर फॉल्टमध्येही सी लगेच पडणार नाही, वायर तापत राहील. वारंवार पडणाऱ्या बीच्या जागी डोळे झाकून सी ठोकणं म्हणूनच धोक्याचं. आधी टर्मिनलचे स्क्रू तपासा. सैल जोड तापला की एमसीबी कमी लोडलाही पडते.