आईचं खातं: मुखत्यारपत्र की जॉइंट?

आई गिरगावात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, जिना लाकडी. गुडघ्यांनी तो जिना बंद केला तेव्हा बँकेची कामं माझ्याकडे आली. मी बोरिवलीला. पहिले काही महिने सगळे करतात तेच केलं: तिचं कार्ड माझ्या खिशात, पिन डोक्यात. नियमात हे बसत नाही आणि गडबड झाली की नुकसान आपल्याच माथी येतं, म्हणून सरळ रस्ता शोधायला लागलो.

आधी मुखत्यारपत्र केलं, म्हणजे आईच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार मला देणारा कागद. कारण माझी बहीण. जॉइंट, म्हणजे दोघांच्या नावाचं खातं म्हटलं की पैसे दादाचे झाले, असं घरात कुणाला तरी वाटतंच. मुखत्यारपत्रात पैसा आईचा, मी नुसता सह्याजीराव. ५०० रुपयांचा स्टँप पेपर, वकिलाचा मसुदा, नोटरी. पैसे काढणं, भरणं, एफडीचं नूतनीकरण एवढंच लिहिलं. कर्ज काढणं मुद्दाम वगळलं. अधिकार असा मोजून मापून देता येतो आणि आईच्या मनात येईल तेव्हा तो काढूनही घेता येतो. कागदावर तरी याला तोड नाही.

काउंटरवर मात्र वेगळंच. मुखत्यारपत्र देणारा माणूस गेला की त्या क्षणी कागद संपतो. हे तिथल्या मॅडमना पक्कं ठाऊक, त्यामुळे पहिल्या खेपेला प्रश्न आला, "आई आहेत ना?" मी हसलो. दुसऱ्या खेपेला हयातीचं काही लेखी आहे का, असं विचारलं. तिसऱ्या खेपेला, मागे रांग वाढत असताना, व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. आईने सवयीने फोन कानाला लावला, त्यामुळे पडद्यावर फक्त तिची कुडी. "आहे हो मी अजून," ती म्हणाली, "वाल सोलतेय." मॅडमचं समाधान झालं. संध्याकाळी आईने विचारलं, "हे आता दर महिन्याला विचारणार का रे?" माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

तुमची शाखा समजूतदार असू शकेल. माझा अनुभव एकाच शाखेचा. पण दुसरी खोच सगळीकडे सारखी आहे. खातेदाराचं मानसिक भान हरपलं तरी कायद्याने मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण ते करतो, नेमकं त्याच दिवशी ते निरुपयोगी. माणूस कोमात असेल तर पालकत्वासाठी घरच्यांना उच्च न्यायालय गाठावं लागतं. बँकेच्या छापील अर्जावरचं अधिकारपत्र सोपं असतं, पण त्याचीही गत तीच. आणि नॉमिनी म्हणजे अधिकार, हा गैरसमज अजून बराच आहे. नॉमिनीचा संबंध खातेदार गेल्यावरच. हयातीत तो एक रुपया काढू शकत नाही.

शेवटी जॉइंट केलं. अर्जात एका ठिकाणी डोळे उघडे ठेवा: 'ईदर ऑर सर्व्हायव्हर' वर खूण करायची, म्हणजे दोघांपैकी कुणीही एकटा व्यवहार करू शकतो. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' मध्ये पहिला खातेदार असेपर्यंत व्यवहार त्यानेच करायचा, मग आपला उपयोग काय? पहिलं नाव आईचंच ठेवलं, म्हणजे व्याज तिच्याच हिशेबात राहतं. माझ्या नावाचं कार्ड आलं आणि त्यानंतर आईच्या प्रकृतीची चौकशी करणारं काउंटरवर कुणी उरलं नाही.

तोटे आहेत, आणि ते लहान नाहीत. दुसरा खातेदार उद्या सगळी शिल्लक काढून मोकळा होऊ शकतो; त्याला अडवणारं काही नाही. एक खातेदार गेला की मागे राहणाऱ्याच्या हाती बँक पैसे देते; तेवढ्याने इतर वारसांचा हक्क जात नाही, पण भांडायला तेवढं पुरतं. म्हणून आम्ही जॉइंटमध्ये घरखर्च आणि औषधपाण्यापुरतेच पैसे ठेवले. एफडी आईच्या एकटीच्या नावावर, नॉमिनी आम्ही दोघं भावंडं. तशीही जॉइंट एफडी मुदतीआधी मोडायला सहसा दोघांच्याही सह्या मागतात, तेव्हा तिथे फार सोय नव्हतीच. बहिणीलाही हे पटलं, किंवा पटल्याचं तिने दाखवलं तरी.

परदेशातल्या भावाचं एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीचं) खातं सांभाळायचं असेल, तर मात्र मुखत्यारपत्रच बघा. तिथे जवळच्या नातेवाइकाला जॉइंट घेता येतं ते 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' नेच.

पासबुक आम्ही आईकडेच ठेवलंय. महिन्यातून एकदा मी ते भरून नेतो. ती चष्मा लावून ओळ न् ओळ वाचते आणि विचारते, "हे चाळीस रुपये कसले?"