ऑटोमॅटिकचं गिअर ऑइल: घरी तीन वेळा बदलायचं की मशीनने एकदाच?

ज्यांची ऑटोमॅटिक गाडी दहा-बारा वर्षांची झालीय आणि गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं म्हटल्यावर एक जण सांगतो मशीनने फ्लश करून घे, दुसरा सांगतो घरीच गिअरबॉक्सच्या खालचा प्लग काढून ऑइल सोड, आणि तिसरा सांगतो हात लावू नको लाइफटाइम ऑइल असतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तिसऱ्याचं सोडून द्या. ठाण्यात घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून कापूरबावडीपर्यंत संध्याकाळी रांगत यायचं, त्यात टॉर्क कन्व्हर्टरला (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक व्हायची संधीच मिळत नाही, तो आत घसरत राहतो आणि ती सगळी उष्णता ऑइल पोटात घेतं. अशा वापरात ऑइल आयुष्यभर टिकेल हे मला तरी पटत नाही.

माझी गाडी २०११ ची होंडा सिटी, पाच गिअरची जुनी टॉर्क कन्व्हर्टरवाली. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग नव्याने करून पुढची पाच वर्षं तीच वापरायची असं घरात ठरलंय, त्यामुळे गिअरबॉक्सची काळजी मला जरा जास्तच आहे. मशीनने करून घेतलंय आणि नंतर घरीही केलंय, दोन्हीचा अनुभव आहे म्हणून बोलतोय. पण माझा अनुभव एका गाडीचा आहे, तुमची गाडी वेगळी असेल तर चार ठिकाणी विचारून घ्या. सीव्हीटी आणि डीएसजी या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकवाल्यांनी यातलं काही आपल्या गाडीला लावू नका, त्यांची ऑइलं वेगळी आणि पद्धतही वेगळी. एएमटीचा तर इथे संबंधच नाही, तो मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स.

मशीनची बाजू आधी सांगतो, कारण ती खरंच दमदार आहे. प्लग काढून ऑइल सोडलं तर सगळं निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपांमध्ये राहतं. माझ्या गाडीत एकूण सहा लिटरच्या आसपास मावतं आणि एका वेळी खाली येतं साधारण अडीच. म्हणजे पहिल्या खेपेला नवं ऑइल ४० टक्क्यांच्या थोडं वर, गाडी फिरवून दुसऱ्यांदा सोडलं की ६५ च्या आसपास, तिसऱ्यांदा ८० च्या. शंभर कधीच होत नाही. मशीन कूलरच्या लाइनला जोडतात, गाडी चालू ठेवून एका बाजूने जुनं बाहेर आणि दुसऱ्या बाजूने तेवढंच नवं आत. काचेच्या नळीत आधी चॉकलेटी आणि मग हळूहळू लालसर होत जाणारं ऑइल डोळ्यांसमोर दिसतं आणि मनाचं समाधान होतं. तासा-दीड तासात काम संपतं, कपडे खराब होत नाहीत, गाडीखाली झोपायला लागत नाही. ऑइल मात्र आठ-दहा लिटर लागतं कारण थोडं नवं पण जुन्याबरोबर वाहून जातं, त्यात मजुरी धरली की माझ्या घरच्या खर्चाच्या दुपटीच्या वर बिल गेलं. तरी पैशांसाठी मी मशीन सोडलं नाही.

सोडलं ते लेव्हलमुळे.

होंडाच्या या जुन्या गिअरबॉक्समध्ये ऑइलची पातळी बघायची रीत बऱ्याच गाड्यांपेक्षा उलटी आहे. इंजिन नीट गरम करायचं, रेडिएटरचा पंखा लागून जाऊ द्यायचा, गाडी सपाट जागेवर हवी, मग इंजिन बंद करायचं आणि साधारण एक मिनिट थांबून, पण दीड मिनिटाच्या आत, डिपस्टिक काढून बघायचं. बाकी बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये इंजिन चालू ठेवूनच बघतात. चालू असताना पंप ऑइल ओढून कन्व्हर्टरमध्ये आणि वर फिरवत असतो, त्यामुळे डिपस्टिकवर पातळी कमी दिसते. आता ज्याला हे माहीत नाही तो काय करणार, कमी आहे म्हणून वरून ओतणार. माझ्या गाडीला नेमकं हेच झालं. वागळे इस्टेटच्या बाजूचं एक गॅरेज होतं, काम स्वच्छ, माणसं बोलायला चांगली, मी उभा राहून बघत होतो आणि मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून डिपस्टिक काढली, पुसली, बघितली आणि आणखी ऑइल टाकलं. मी म्हटलं बंद करून बघायचंय ना, तर म्हणाला, "साहेब, ऑटोमॅटिकला चालूच ठेवायची असते, सगळ्यांना असंच करतो आम्ही." त्याचंही बरोबरच, त्याच्याकडे दिवसभरात येणाऱ्या बहुतेक गाड्यांना तेच लागू पडतं.

ऑइल जास्त झालं की फिरणारे गिअर ते घुसळतात, त्यात हवा शिरते, फेस येतो, आणि फेसाळलेल्या ऑइलला दाब नीट धरता येत नाही. मला ते असं जाणवलं की सकाळी गाडी मस्त, संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये तापली की आर मधून डी मध्ये टाकल्यावर क्षणभर काहीच व्हायचं नाही आणि मग एकदम धक्का देऊन पुढे जायची. घरी येऊन मॅन्युअलप्रमाणे पातळी बघितली तर वरच्या खुणेच्याही बरीच वर. परत गेलो तर तिथे पुन्हा इंजिन चालू ठेवून बघितलं आणि लेव्हल बरोबर आहे असं सांगून पाठवलं. शेवटी डिपस्टिकच्या भोकातून बारीक नळी घालून मोठ्या सिरिंजने थोडं थोडं ऑइल काढलं, दर वेळी गाडी गरम करून परत बघितलं, आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये आल्यावर तो धक्का थांबला. याला काही मी शास्त्रीय पुरावा म्हणणार नाही, पण माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं. दुसरी खटकलेली गोष्ट म्हणजे ऑइल कुठलं टाकलं हे मला आजही नक्की माहीत नाही, बिलावर नुसतं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं ऑइल, एवढंच लिहिलं होतं. या गाडीला होंडाचं डीडब्ल्यू-१ ऑइल लागतं, जे जुन्या झेड-१ च्या जागी आलं. सगळ्या गाड्यांना चालणारं म्हणून जे येतं ते कदाचित चालतही असेल, पण क्लच पकडण्याची सगळी गणितं ऑइलच्या घर्षणावर बसवलेली असतात, तिथे मला अंदाजाने काही नको वाटतं. जुन्या ह्युंदाईवाल्यांनी त्यांच्या एसपी-थ्री ऑइलच्या बाबतीत हीच काळजी घ्यावी.

आता घरची बाजू. काम अवघड नाही, पण जागा पाहिजे. आमच्या सोसायटीत स्टिल्ट पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलाय, डोळ्यांना दिसत नाही पण पाणसळ ठेवली की कळतं, आणि उतारावर बघितलेली पातळी काही कामाची नाही. म्हणून ऑइल सोडायचं काम पार्किंगमध्ये करतो आणि पातळी बघायला गाडी गेटजवळच्या सपाट पट्ट्यावर नेतो. सेक्रेटरींना आधी सांगून ठेवलेलं बरं, पेव्हर ब्लॉकवर डाग पडला की मीटिंगमध्ये विषय निघतो. खाली जुना पुठ्ठा आणि त्यावर लाकडाचा भुसा टाकला तर एक थेंबही फरशीला लागत नाही. गाडी जॅकवर उचलली तरी नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही, जॅक स्टँड लावायचेच, आणि मागच्या चाकांना दगड किंवा चॉक. यात तडजोड करायची असेल तर सरळ गॅरेजला जा, खरंच सांगतो.

प्लग ओळखायला सोपा आहे, त्याच्या डोक्यात चौकोनी खाच असते आणि ३/८ चा रॅचेट सॉकेटशिवाय थेट त्यात बसतो. इंजिन ऑइलचा प्लग षटकोनी डोक्याचा. हा फरक लक्षात न घेता इंजिन ऑइल समजून गिअरबॉक्स रिकामा केल्याचे किस्से होंडावाल्यांमध्ये भरपूर आहेत. प्लग पहिल्यांदा हलत नाही, लांब दांड्याने हळूहळू जोर लावायचा. सुटला की ऑइल धारेने येतं, गाडी थोडी गरम असेल तर पटकन निथळतं, फार गरम असेल तर हात भाजेल.

आणि मग तो प्लग हातात घेऊन बघायचा. त्याच्या टोकाला लोहचुंबक असतो आणि त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप जमलेला असतो, बोटाने काढला तर काजळासारखा पसरतो. हे क्लच आणि गिअरच्या रोजच्या झिजेचं असतं, घाबरायचं काही नाही. पण त्यात कडक कण लागले, नखाला टोचणारे तुकडे दिसले, तर ते वेगळं प्रकरण आहे. मशीनने केलं तर हा प्लग बहुतेक वेळा उघडलाच जात नाही, म्हणजे गिअरबॉक्सच्या आत काय चाललंय याची एकमेव फुकटची खूण बघायचीच राहून जाते. लेप पुसून काढला की चुंबक पुढच्या खेपेला पुन्हा कामाला लागतो.

नवा वॉशर टाकायचा, जुना परत वापरायचा नाही. टॉर्क रेंच असेल तर ४९ न्यूटन-मीटर. निघालेलं ऑइल जुन्या लिटरच्या डब्यांमध्ये मोजून घेतो आणि तेवढंच नवं लांब नळीच्या फनेलने डिपस्टिकच्या भोकातून हळूहळू टाकतो. डिपस्टिक पुसायला धागे सुटणारी चिंधी नको, तो एक धागा आत व्हॉल्व्हमध्ये गेला तर नसती डोकेदुखी. मग ब्रेक दाबून पी, आर, एन, डी सगळीकडे थोडं थोडं थांबायचं आणि गाडी फिरवून आणायची. मी रविवारी सकाळी लवकर माजिवड्याहून ईस्टर्न एक्सप्रेसने मुलुंडच्या बाजूला जाऊन परत येतो, सगळे गिअर पडतात आणि ऑइल नीट मिसळतं. परत आलो की पातळी, वर सांगितलं तशी.

हे तीन वेळा करायला लागतं हीच घरच्या पद्धतीची खरी कटकट. एका दिवशी तिन्ही उरकता येतात पण मला घाई आवडत नाही, मी एकेक खेप वेगवेगळ्या रविवारी केली. आणि एकदा ती तीनची माळ पूर्ण झाली की नंतर दर वर्षी इंजिन ऑइलबरोबर एकच खेप पुरते असं माझं मत झालंय, ऑइल कायम बऱ्यापैकी ताजं राहतं आणि गिअरबॉक्सला एकदम सगळं नवं असा बदलही सोसावा लागत नाही. जुन्या, दुर्लक्ष झालेल्या गिअरबॉक्समध्ये एकदम सगळं ऑइल बदललं की तो घसरायला लागतो असं बरेच जण सांगतात. त्यात ऑइलचा दोष किती आणि आधीच गेलेल्या क्लचचा किती यावर वाद आहे, पण थोडं थोडं बदलण्यात तो धोका तरी कमी वाटतो.

मशीन कोणाला योग्य, हेही सांगायला हवं. ज्या गाडीला डिपस्टिकच नाही, उदाहरणार्थ २०१० नंतरची व्हेंटो १.६ ऑटोमॅटिक, तिथे ऑइलचं तापमान ३५ ते ४५ डिग्रीच्या मध्ये असताना इंजिन चालू ठेवून खालच्या ओव्हरफ्लोमधून पातळी ठरवतात. ते तापमान स्कॅनरवर बघायचं आणि गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली हवी. हे सोसायटीत जमणारं काम नाही, तिथे लिफ्ट असलेलं आणि ती गाडी ओळखणारं गॅरेज गाठा. तसंच सेकंडहँड गाडी घेतली आणि आधीच्याने चुकीचं ऑइल भरल्याची खात्री असेल तर सगळं एकदम काढलेलं बरं. फक्त ऑइलचे सीलबंद डबे स्वतः घेऊन जा, समोर फोडायला सांगा, आणि मॅन्युअलमधलं लेव्हलचं पान मोबाइलवर फोटो काढून जवळ ठेवा. ऐकणारा मेकॅनिक मिळाला तर मशीनलाही माझी काही हरकत नाही. आणि ऑइल काळं पडलंय, जळका वास येतोय, प्लगवर तुकडे आहेत, असं असेल तर घरही नको आणि मशीनही नको, आधी गिअरबॉक्सचं काम करणाऱ्याला दाखवा.

राहिलं जुनं ऑइल. तीन खेपांचं मिळून सात-साडेसात लिटर होतं. ते गटारात ओतायचं नाही म्हणजे नाहीच, इथली गटारं नाल्याला आणि नाले खाडीला मिळतात, आणि ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे, दर हिवाळ्यात फ्लेमिंगो तिथे पोट भरायला येतात. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यांमध्येच जुनं भरायचं, झाकणं घट्ट लावायची आणि जे गॅरेज वापरलेलं ऑइल जमा करून रिसायकलिंगवाल्याला देतं तिथे नेऊन द्यायचं. बरीच गॅरेजं घेतात, ड्रमच ठेवलेला असतो, आधी फोन करून विचारा आणि डब्यांवर मार्करने जुनं एटीएफ असं लिहून ठेवा.