चिप्स चॅलेंज : दातवाल्याची चाल

चिप्स चॅलेंज मी पहिल्यांदा १९९७ साली चिपळूणच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये पाहिला. धडा संपला की शेवटची दहा मिनिटं खेळायला मिळायची. बाकीचे सॉलिटेअर लावायचे, मी हा. आता मी आठवीला गणित शिकवते. मे महिन्यात ओजस, माझा भाचा, सुट्टीला आला, तेव्हा लॅपटॉपवर स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून तोच खेळ उतरवून घेतला आणि पंधरा दिवस आम्ही दोघं त्यात होतो.

चक सॉमरव्हिल यांनी १९८९ साली अटारी लिंक्स या हातात धरायच्या यंत्रासाठी हा खेळ केला. माझ्या पिढीला तो भेटला विंडोजवर, आणि २०१५ पासून स्टीमवर आहे. पट ३२ बाय ३२ चौकटींचा. त्यातला ९ बाय ९ चा तुकडाच एका वेळी दिसतो. चिप नावाच्या मुलाला घेऊन सगळ्या कॉम्प्युटर चिप्स गोळा करायच्या, किल्ल्या शोधायच्या, आणि वाटेतल्या प्राण्यांपासून जपून बाहेर पडायचं. चित्रं जुनी आहेत, आवाज आम्ही पहिल्याच दिवशी बंद केला. मला लिहायचंय ते या प्राण्यांबद्दल, कारण माझ्या मते खेळाचा जीव त्यांच्यात आहे.

यातला जवळजवळ प्रत्येक प्राणी एका ठरलेल्या नियमाने चालतो. किडा डावीकडची भिंत धरून जातो: आधी डावीकडे वळून बघतो, जमलं नाही तर सरळ, मग उजवीकडे, शेवटी मागे. पॅरामिशियम तेच उजव्या हाताने करतो. ग्लायडर आणि आगीचा गोळा दोघेही वाट मिळेल तोवर सरळ जातात. अडले की ग्लायडर आधी डावीकडे वळतो, गोळा आधी उजवीकडे. गुलाबी चेंडू आपटला की उलटा फिरतो. रणगाडा भिंतीला लागून उभा राहतो आणि कोणी निळं बटण दाबलं की सगळे निळे रणगाडे एकदम तोंड फिरवतात. यातल्या एकालाही तुम्ही कुठे आहात याची खबर नसते. म्हणून त्यांना चुकवता येतंच, शिवाय कामाला लावता येतं. किडा कुठल्या भिंतीने कुठे पोचणार हे वहीत काढून बघितलं, तर तो तुमच्यासाठी बटणावर पाय देईल अशी वाट त्याला करून देता येते.

तुमच्याकडे बघून चालतो तो एकटा टीथ, म्हणजे दात. ओजसने त्याचं नाव ठेवलं दातवाला. सुरुवातीला तो रोज याच्याकडून मरायचा आणि म्हणायचा, "आत्या, हा कुठूनही येतो गं." मी लॅपटॉप मिटवला आणि त्याला हॉलमधल्या फरश्यांवर उभं केलं. मी चिप, तो दातवाला. एक फरशी म्हणजे एक चौकट. मी दोन पावलं टाकली की त्याने एक टाकायचं, कारण दातवाल्याचा वेग चिपच्या निम्मा असतो. पाऊल टाकण्याआधी त्याने दोन अंतरं मोजायची: मी आडवी किती लांब, उभी किती लांब. जे जास्त, त्या दिशेला जायचं. दोन्ही सारखी असली तर उभं आधी. ती दिशा अडलेली असेल तर दुसरी. दुसरीही नसेल तर जागच्या जागी थांबायचं.

मी त्याच्यापासून चार फरश्या आडवी आणि तीन उभी अशी स्थिर उभी राहिले. तो एक आडवा आला. आता तीन-तीन, म्हणून एक उभा. मग आडवा, मग उभा. खडूने खुणा केल्या तर फरशीवर चक्क जिना उतरला. मग मी टीपॉयच्या बरोबर पलीकडे जाऊन उभी राहिले. उभी दिशा टीपॉयने अडवलेली आणि आडवं अंतर शून्य, त्यामुळे ओजस हलूच शकेना. तीन फुटांवर आत्या, आणि नियम त्याला वळसा घालू देत नव्हता. मी एक फरशी उजवीकडे सरकले, तोही टीपॉयच्या कडेने एक सरकला. मी आणखी सरकले, तोही सरकला, आणि टीपॉय संपताच त्याचा रस्ता मोकळा झाला. "म्हणजे तूच मला बाहेर काढलंस!" तो ओरडला. तीस वर्षांपूर्वी मला हे कळायला कितीतरी शनिवार लागले होते.

माझ्या लेखी दातवाला ही या खेळातली सगळ्यात सुंदर रचना आहे. तीन-चार ओळींचा नियम, पण समोर आला की काळजात धस्स होतं. तुम्हाला ९ बाय ९ दिसतं, त्याला मात्र तुम्ही पटावर कुठेही असलात तरी कळतं. पडद्याच्या कडेतून तो आत येतो तेव्हा कधीचा निघालेला असतो.

नाराजी आहे ती ब्लॉब आणि वॉकर या उरलेल्या दोन प्राण्यांबद्दल. वॉकर अडेपर्यंत सरळ जातो आणि मग मनाला येईल तिकडे वळतो. ब्लॉब तर प्रत्येक पाऊल नशिबावर टाकतो. ब्लॉबनेट नावाच्या पातळीत (लेव्हलमध्ये) असे ब्लॉब पटभर आहेत. तिथे वही उघडून उपयोग नाही, डाव बरोबर खेळूनही मरता येतं, आणि मुलाला आपलं काय चुकलं ते सांगता येत नाही. कोडं म्हणून मांडलेल्या खेळात हे मला पटत नाही. अशा पातळ्या थोड्या आहेत, पण दहा-बारा वर्षांचं मूल तिथे कंटाळून खेळ सोडू शकतं. तशी पातळी आली की मोठ्या माणसाने शेजारी बसावं.

जायच्या आदल्या दिवशी ओजस एका पातळीत अडला होता. अरुंद बोळ, बोळात बॉम्ब, मागे दातवाला. तो बराच वेळ काहीच दाबत नव्हता. मग चिपला भिंतीपलीकडे नेऊन त्याने बॉम्बच्या सरळ रेषेत उभं केलं, बोटाने पडद्यावरच्या चौकटी मोजल्या आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. दातवाला एकेक चौकट पुढे येत गेला आणि बॉम्बवर चढला. बॉम्ब गेला, तो गेला, बोळ मोकळा.